आकडा मोजला, लेख वाचला का?

पावसाळा सरता सरता वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत एक बातमी ठरलेली असते. अमुक महाविद्यालयातल्या प्राध्यापकांचा ‘जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत’ समावेश, यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाची, सोबत संस्थाचालकांच्या हस्ते सत्काराचा फोटो. ज्यांचं नाव आलं त्यांच्या कष्टांबद्दल आणि आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. पण ही यादी कशी तयार होते, हे त्या बातमीत नसतं. स्टॅनफर्डमधले जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकातून ती मांडली. स्कोपस या व्यावसायिक डेटाबेसमधून सायटेशनशी, म्हणजे इतरांच्या लेखांत आलेल्या उल्लेखांशी, संबंधित सहा आकडे घ्यायचे, त्यांचा एक संयुक्त गुणांक काढायचा आणि त्यानुसार क्रम लावायचा, अशी तिची रीत. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स (त्याचं गणित पुढे येईल), लेखक एकटा होता की पहिला की शेवटचा, हे सगळं त्यात येतं. कुणी कुणाचा लेख उघडून वाचला आणि त्यावर मत बनवलं, असा टप्पा मात्र त्यात कुठेच नाही. विद्यापीठाने कुणाची निवड केली, असंही तिथे काही घडत नाही.

एखाद्या संशोधकाचं मोल त्याच्या पेपरांच्या संख्येवरून आणि त्यांना मिळालेल्या सायटेशनवरून ठरवावं, हे मत आज आपल्याकडे इतकं रुळलं आहे की ते केवळ एक मत आहे, हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. मला त्याचं खंडन करायचं आहे. पण आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, कारण त्यात बळ आहे.

पूर्वपक्ष असा. आपल्या विद्यापीठांत मुलाखत पाच-दहा मिनिटांत उरकते, उमेदवार अनेकदा आधीच ठरलेला असतो, तज्ज्ञ कुणाचे तरी स्नेही असतात. तालुक्याच्या गावाहून आलेल्या, पाठीशी कुणी नसलेल्या मुलीच्या बाजूने तिथे कोण बोलणार? तिचा एच-इंडेक्स बोलतो, आणि त्याला कुणी गप्प बसवू शकत नाही. शिवाय सायटेशन देणारे लोक परके असतात, जगभर विखुरलेले असतात. त्यांना उमेदवाराची जात, गाव, गुरू काही ठाऊक नसतं. हजारो अनोळखी जाणकारांचा कौल हा तीन ओळखीच्या तज्ज्ञांच्या कौलापेक्षा विश्वासार्ह नाही का? आणि नोबेल मिळालेल्यांचे सायटेशन सर्वसाधारण संशोधकांपेक्षा खूप जास्त असतात, हेही दाखवून झालेलं आहे. म्हणजे आकड्यात तथ्य आहे.

तथ्य आहे, हे मला मान्य आहे. प्रश्न आहे तो कशाचं तथ्य, हा.

सायटेशन इंडेक्सची कल्पना युजीन गार्फील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली. त्यांच्यासमोर नमुना होता अमेरिकन वकिलांचा. तिथे एकोणिसाव्या शतकापासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची नोंदवही चालत आली होती. एखादा जुना निवाडा पुढच्या कोणत्या निवाड्यांत आला, तो कायम राहिला की उलटवला गेला, हे त्यातून वकिलाला शोधता यायचं. उलटलेल्या निवाड्यावर भिस्त ठेवून वकील कोर्टात उभा राहू नये, हा हेतू. गार्फील्डना शास्त्रासाठी हेच हवं होतं. एखाद्या लेखातली चूक पुढे कुणी दाखवली असेल, तर तो लेख वापरणाऱ्याला ती सापडावी. सदोष माहिती डोळे झाकून पुढे पुढे जाऊ नये. १९६४ पासून फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमित काढायला सुरुवात केली. इम्पॅक्ट फॅक्टरही तिथलाच. हजारो नियतकालिकांतली कोणती या सूचीत घ्यायची, हे ठरवायला तो उपयोगी पडला. सूचीतली प्रत्येक नोंद वाचकाला पुढच्या लेखाकडे पाठवत होती. अमुक निवाडा शंभर वेळा उद्धृत झाला म्हणून तो पन्नास वेळा उद्धृत झालेल्या निवाड्याच्या दुप्पट न्याय्य, असं कोणताही वकील म्हणणार नाही. ते आपण संशोधनात म्हणू लागलो.

इम्पॅक्ट फॅक्टरचं गणित सोपं आहे. नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षात मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. ही सरासरी आहे, आणि सायटेशनचं वाटप अत्यंत विषम असतं. नॉर्वेचे पेर सेग्लेन यांनी तपासलेल्या नियतकालिकांत साधारण १५ टक्के लेखांनी निम्मी सायटेशन मिळवलेली होती. म्हणजे नियतकालिकाच्या सरासरीवरून त्यातल्या एका लेखाबद्दल जवळपास काहीच कळत नाही.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण स्फटिकशास्त्रातलं. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका, विभाग अ’ हे जुनं, प्रतिष्ठित नियतकालिक. २००८ साली त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर होता २.०५१. २००९ मध्ये तो झाला ४९.९२६. स्फटिकशास्त्रात त्या एका वर्षात क्रांती झाली नव्हती. जर्मनीतल्या गटिंगनचे जॉर्ज शेल्ड्रिक यांनी क्ष-किरणांवरून रेणूची रचना उलगडणारी ‘शेलएक्स’ ही संगणकप्रणाली लिहिली होती, जगभरच्या प्रयोगशाळा ती रोज वापरत होत्या. २००८ च्या जानेवारीत त्यांनी तिचा छोटा इतिहास या नियतकालिकात लिहिला आणि प्रणाली वापरणाऱ्यांनी संदर्भ म्हणून हा लेख द्यावा असं सुचवलं. थोड्याच काळात त्या एका लेखाला हजारो सायटेशन मिळाली. दोन वर्षांची खिडकी असल्यामुळे २०१० मध्येही आकडा पन्नासच्या वर राहिला. २०११ मध्ये लेख खिडकीबाहेर गेला आणि इम्पॅक्ट फॅक्टर पुन्हा दोनच्या घरात आला. त्या दोन वर्षांत तिथे छापलेल्या बाकी सगळ्या लेखांचा दर्जा होता तसाच होता.

आता हा आकडा आपल्याकडे कुठे जाऊन बसतो ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शिक्षकांच्या संशोधनाला गुण देणारा तक्ता आहे. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या परीक्षित नियतकालिकातल्या पेपरला मूळ गुणांवर ५ वाढीव गुण. एकच्या आत असेल तर १०. एक ते दोन १५. दोन ते पाच २०. पाच ते दहा २५. दहाच्या वर ३०. हाच तक्ता ‘ॲक्टा’ला लावला तर २०१० चा आकडा धरणाऱ्याला ३० आणि २०११ चा धरणाऱ्याला २०. दोघांचे लेख शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचायची गरज उरत नाही.

त्याच तक्त्यात सहलेखकांचा नियम आहे, तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. नुसते वाढीव गुण धरून हिशेब करू. दहाच्या वर इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकात एकट्याने लेख लिहिला तर ३० गुण. तोच लेख दहा जणांच्या नावावर गेला तर पहिल्याला २१ आणि उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी ९, म्हणजे ८१. एकूण १०२. एकाच कामातून, केवळ नावं वाढवून, तिप्पट-चौपट गुण. या नियमाखाली कुणाचं नाव घालायला नकार देणारा माणूस आपल्याच विभागाचं नुकसान करतो. आणि शेजारच्या रकान्यात, भारतीय प्रकाशकाने काढलेल्या संपूर्ण ग्रंथाला गुण आहेत १०. दहा वर्षं दफ्तरं चाळून एकट्याने लिहिलेला ग्रंथ आणि दहा जणांच्या पेपरावरचं सातवं नाव यांत एका गुणाचं अंतर.

एच-इंडेक्सचा जन्म २००५ चा. सॅन दिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी सुचवलं की ज्याच्या ‘एच’ पेपरांना प्रत्येकी किमान ‘एच’ सायटेशन आहेत, त्याचा निर्देशांक ‘एच’. एका संशोधिकेचे पाच पेपर, प्रत्येकी तीनशे सायटेशन: निर्देशांक ५. दुसऱ्याचे वीस पेपर, प्रत्येकी वीस सायटेशन: निर्देशांक २०. पहिलीकडे पंधराशे सायटेशन आहेत, दुसऱ्याकडे चारशे. कोण थोर, हे मी सांगत नाही, कारण मी दोघांचेही लेख वाचलेले नाहीत. निर्देशांक मात्र ठामपणे सांगतो. तो पेपरांच्या संख्येपलीकडे जाऊच शकत नाही, आणि एकदा चढला की कधी उतरत नाही. एकाच माणसाचा आकडा गूगल स्कॉलरवर एक आणि स्कोपसवर दुसरा येतो, कारण दोघांच्या नोंदवह्या वेगळ्या. गणितात सायटेशन थोडी आणि सावकाश येतात, जैववैद्यकात भराभर, त्यामुळे विषय ओलांडून तुलना करताच येत नाही. खुद्द हिर्श यांनी २०२० मध्ये जाहीरपणे लिहिलं की हा निर्देशांक दारुण फसू शकतो आणि त्याचे अनपेक्षित दुष्परिणाम गंभीर आहेत. सनातनी मताच्या विरोधात जाणारं संशोधन तो मागे ढकलतो, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती त्यांच्या अतिवाहकतेवरच्या स्वतःच्या अनुभवातून आलेली होती.

यावर समर्थक म्हणतील: सूत्र सुधारा. स्वतःची सायटेशन वगळा, सहलेखकांत भागा, विषयवार प्रमाण लावा. इओनिडिस यांच्या यादीत यातल्या बऱ्याच गोष्टी केलेल्या आहेतच. माझा आक्षेप सूत्रातल्या त्रुटीवर असता तर मी इथेच थांबलो असतो. माझं म्हणणं असं आहे की सायटेशन ही एका घटनेची नोंद आहे. कुणीतरी लिहिताना कुणाचा तरी उल्लेख केला, एवढंच ती सांगते. का केला, हे ती सांगत नाही. अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा, लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. त्या लेखाचे उल्लेख शेकड्यांनी आहेत आणि त्यांतले बहुतांश त्याला खोडून काढण्यासाठी आहेत. प्रत्येक उल्लेख मोजणीत एकच धरला जातो. हा दोष कुठल्याही सूत्राने जात नाही. तो जायचा तर उल्लेख करणारा लेख उघडावा लागतो.

आणि मोजणीत न येणारा उपयोगही असतो. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचंच काम घेऊ. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४४ मध्ये, लंडनच्या ‘ॲनल्स ऑफ यूजेनिक्स’मध्ये त्यांचा चार पानांचा लेख आला. एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर, त्यांच्या पुनर्जोडणीच्या प्रमाणावरून कसं काढावं, याचं सूत्र त्यात होतं. गुणसूत्र एका जागी तुटून जुळलं की शेजारी पुन्हा तसं होण्याची शक्यता घटते. जनुकशास्त्रज्ञ हॅल्डेन यांच्या आधीच्या सूत्रात ते धरलेलं नव्हतं, कोसंबींनी धरलं. पुढे भात, गहू, मका यांचे जनुकीय नकाशे संगणकावर बनू लागले तेव्हा प्रणालीत दोन पर्याय असत: हॅल्डेन किंवा कोसंबी. आजही पिकांवरच्या असंख्य लेखांत ‘कोसंबी फंक्शन वापरलं’ असं वाक्य येतं. कुणी मूळ लेखाचा संदर्भ देतं, कुणी नुसतं नाव लिहून पुढे जातं. ज्ञान जितकं मुरतं तितका त्याचा संदर्भ द्यायचं राहून जातं, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी फार पूर्वी सांगितलं होतं. म्हणजे या चार पानांचंसुद्धा खरं मोल आकड्यात पूर्ण उतरत नाही.

आणि तरी याच चार पानांच्या बळावर आजच्या पद्धतीत कोसंबी तरतील. आहत नाण्यांचं वजन करकरून, चलनात झिजलेल्या चांदीवरून इतिहास वाचण्याची त्यांची रीत, १९४८ ची भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, १९५६ चं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारं पुस्तक, हे सगळं त्या जनुकशास्त्राच्या रकान्याच्या मानाने फिकं दिसेल. ज्या गोष्टीसाठी आपण कोसंबींना वाचतो ती गोष्ट नोंदवहीत सर्वांत पुसट असेल.

भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं तर याहून विचित्र होईल. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले, आदिपर्व १९३३ मध्ये पुरं झालं, ते १९४३ मध्ये गेले, आणि मूळ संहितेचं काम १९६६ मध्ये संपलं. त्यासाठी सव्वा हजारावर हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. आज जगात कुठेही महाभारतावर गंभीर लेखन होतं तेव्हा याच संहितेवर बोट असतं. पण लेखक संदर्भ देतो तो पर्व, अध्याय आणि श्लोकाच्या आकड्याने. सायटेशन मोजणाऱ्या यंत्राला तिथे सुकथनकर दिसत नाहीत. इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मधलं पत्र लेखांकाने उद्धृत होतं तेव्हाही तेच. ज्यांच्या कामाशिवाय पुढचं काम उभंच राहत नाही, त्यांची नोंद शून्याच्या जवळ.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा: वशिला. आकडा वशिल्याला आळा घालतो, असं म्हणतात. मी उलट म्हणतो: आकड्याने वशिल्याला फक्त जागा बदलून दिली. आधी तो मुलाखतीच्या टेबलावर होता, आता लेखकांच्या नामावळीत आहे, परीक्षकाच्या ‘आमचेही संदर्भ घाला’ या सूचनेत आहे. विल्हाइट आणि फाँग यांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलेल्या पाहणीत, उत्तर देणाऱ्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाने सांगितलं की नियतकालिकाच्या संपादकाने शास्त्रीय कारण न देता आपल्याच नियतकालिकाचे संदर्भ वाढवायला लावले. ज्या मुलीच्या पाठीशी कुणी नाही, तिला ही सूचना नाकारण्याची सर्वांत कमी मोकळीक असते. आणि अनोळखी जाणकारांचा कौल म्हणावा, तर फ्रान्समधले सिरिल लाबे यांनी २०१० मध्ये ‘आइक अंटकारे’ नावाचा, अस्तित्वातच नसलेला संशोधक घडवून दाखवला. संगणकाने जुळवलेले शंभरेक निरर्थक लेख एकमेकांचे संदर्भ देत होते. गूगल स्कॉलरने त्याला ९४ एच-इंडेक्स दिला. २०२३ मध्ये सायटेशनच्या नोंदी ठेवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीला आपल्या सर्वाधिक उद्धृत संशोधकांच्या यादीतून गणित हा आख्खा विषय वगळावा लागला, कारण तिथे आकडे फुगवणं फार सोपं झालं होतं.

आपल्याकडे काय झालं तेही विसरता येत नाही. अनुदान आयोगाने गुणांसाठी नियतकालिकांची मान्य यादी केली. पुण्यातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून शिरलेल्या आणि कुठल्याही सूचीत नसलेल्या नियतकालिकांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरण्यासारखी होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. मग ‘केअर’ यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाललं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. पैसे घेऊन काहीही छापणारा हा बाजार गुणांच्या तक्त्याने उभा केला. त्यात हजारो तरुण शिक्षकांनी आपल्या पगारातून पैसे मोजले. दोष त्यांच्यावर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

मग सायटेशन निरुपयोगी का? मुळीच नाही. कोलकात्याचे शंभूनाथ डे यांचं उदाहरण घ्या. कॉलऱ्याच्या जंतूंचा नुसता गाळलेला, जंतूविरहित द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात घातला तरी पाणी साठतं, म्हणजे रोग घडवणारं विष जंतू बाहेर सोडतो, हे त्यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये सिद्ध केलं. पहिली काही वर्षं त्या लेखाकडे फारसं लक्ष गेलं नाही. मायदेशात त्यांना हयातीत मोठा शास्त्रीय सन्मान मिळाला नाही, १९८५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी खुद्द गार्फील्ड यांनी डे यांच्यावर लेख लिहिला. कॉलऱ्यावरच्या संशोधनाचे धागे सायटेशनमधून मागे मागे नेत त्यांनी दाखवलं की ही वाट डे यांच्यापासून निघते. नोंदवहीचा खरा उपयोग हा. तिने वाचायला कुठे जावं ते दाखवलं, आणि गार्फील्डनी जाऊन वाचलं. १९६२ साली डे यांचा अर्ज आजच्या तक्त्याने तपासला असता तर ते कोणत्या जागी बसले असते, याचा विचार प्रत्येक निवड समितीने करावा.

म्हणून माझी मांडणी साधी आहे. जर्मन संशोधन प्रतिष्ठानने २०१० पासून अनुदानाच्या अर्जात उमेदवाराने स्वतःचे फार तर पाच प्रकाशित लेख द्यावेत, असा नियम केला. ब्रिटनच्या २०१४ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात समित्यांना इम्पॅक्ट फॅक्टर वापरायची मनाई होती. संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलचा २०१३ चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामाही इम्पॅक्ट फॅक्टर न वापरण्याचीच मागणी करतो. चीननेही २०२० मध्ये पेपरमागे रोख बक्षिसं देण्याची प्रथा थांबवायला सांगितलं. आपल्याकडे अर्जदाराने आपली पाच कामं निवडावीत: लेख, ग्रंथ, संपादित संहिता, काहीही. सायटेशन द्यायची असतील तर संख्या न देता, कोणी त्या कामाचं पुढे काय केलं ते दाखवावं. समितीतल्या प्रत्येक सदस्याने त्यातली किमान दोन वाचावीत आणि काय नवं आहे, काय कच्चं आहे, हे सहीनिशी पानभर लिहावं. ते टिपण उमेदवाराला मिळावं.

इतके अर्ज, इतका वेळ कुठला, असं विचारलं जाईल. शंभर अर्जांतून दहा निवडायला पात्रतेच्या अटी आहेत, वाचायचे ते या दहांचे. जी नेमणूक पुढे तीस वर्षं टिकणार तिच्यासाठी समितीने चार दिवस वाचन करणं जास्त नाही. आणि तज्ज्ञ खरंच वाचतील याची खात्री काय, या प्रश्नाला उत्तर टिपणातच आहे. न वाचलेल्या लेखावर पानभर लिहिणं अवघड, आणि ते पान त्या लेखाच्या लेखकाच्याच हातात पडणार असेल तर फारच अवघड. एच-इंडेक्स १४ म्हणून घेतलं आणि ११ म्हणून नाकारलं, याला उमेदवार आव्हान देऊ शकत नाही. ‘यांच्या तिसऱ्या प्रकरणात मोडी कागदांचं वाचन चुकलं आहे’ असं कुणी सही करून लिहिलं, तर ती मुलगी तो कागद घेऊन उभी राहू शकते आणि वाचन कसं बरोबर आहे ते दाखवू शकते. मात्र त्यासाठी मराठीत लिहिणाऱ्याच्या निवड समितीत मराठी वाचणारा, आणि मोडीवर काम करणाऱ्याच्या समितीत मोडी वाचणारा निदान एक तज्ज्ञ असावाच लागेल. ही अट नियमात पहिली लिहावी.